सावली सरेपर्यंत

साताऱ्याकडच्या पठारावर घरांजवळ पवनचक्की घ्यायला गाव तयार नव्हतं, तेव्हा रणजीतनेच ऐटीत म्हटलं होतं, "पहिली आमच्या परड्यात उभी करा." त्या एका वाक्यावर गाव पाघळलं आणि पवनचक्कीच्या कंपनीने त्याला नोकरी देऊन नवी मुंबईत, बेलापूरच्या ऑफिसात आणलं. इथे बसून तो गावाकडच्या पवनचक्क्या चालू-बंद करायचा. करावे गावाजवळ फ्लॅट झाला. मागे राहिली आई, मुक्ताबाई. ऊन कललं की पात्यांची सावली तिच्या चुलीवरून जायची, एक गेली की दुसरी. लेकाने आणलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची? म्हातारीने अन्न टाकलंय, असा शेजारणीचा फोन आला, तेव्हा कुठे तो तिला घेऊन आला.

फ्लॅटमध्येही भाकरी थापताना तिचा हात मध्येच वर थांबायचा.

"आई, इथं कुठली आलीय सावली?"

"सवय रं. सावलीत थापली की भाकरी चिरती."

त्याची बायको प्राची हसली. रणजीतला मात्र स्वतःची लाज वाटली.

रविवारी तो चहा घेऊन स्वयंपाकघरात बसला. खिडकी उत्तरेची, ऊन न येणारी, बाहेर नुसती खाडी. परातीतल्या पिठावरून काहीतरी काळसर सरकलं आणि भिंतीवर चढून गेलं. आईचा हात ते यायच्या आधीच थांबला होता.

"ढग असेल," प्राची म्हणाली.

आभाळ निरभ्र होतं. रणजीतने मोबाइलवर परड्यातल्या पवनचक्कीचा कॅमेरा लावला. तिकडे पातं खाली आलं की इकडे परात काळवंडत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने ऑफिसातून ती पवनचक्की बंद केली. शेजारच्या टेबलावरच्या धनेशला दुरुस्ती आहे म्हणाला. छातीवरचा धोंडा उतरला. येताना आईसाठी पेरू घेतले.

दार उघडताच प्राची म्हणाली, "आई दुपारपासून तशाच बसल्यात. टेन्शन आलंय मला."

ओट्यापासून आईच्या डोक्यापर्यंत सावलीचा रुंद पट्टा पडला होता. हलत नव्हता. पिठाचा हात वर तसाच.

"आई."

"थांब बाळा. जाईल आत्ता."

त्याने ट्यूब लावली. सगळं उजळलं, तेवढा पट्टा सोडून.

त्याने तिचं मनगट धरून खाली ओढलं. हात हलला नाही.

त्याने ऑफिसात फोन लावला. "धनेश, परड्यातली चालू कर. आत्ताच्या आत्ता."

"केली असती सर. पण तिकडं वारा पडलाय. पाती फिरणार नाहीत."

"कधीपर्यंत?"

"ते कसं सांगू, सर?"

आई हळूच म्हणाली, "रणजा, हात भरून आला रं."