मास्तरांची बायको वाटेत आहे

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी इथेच थांबावं. मला आता पटवून द्यायचा कंटाळा आलाय. मेट्रनबाईंना सांगून झालं, डॉक्टरांना सांगून झालं, घरी आईलाही सांगितलं. आई म्हणाली, "वेड्यांमध्ये राहून तूही तशीच व्हायला लागलीस."

ते वेडे नाहीत, हेही आईला शंभरदा सांगितलंय.

मी नर्स आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या पेशंटचा वॉर्ड. माझ्या बॅचच्या मुली ऑपरेशन थिएटरला गेल्या, आयसीयूला गेल्या. मी हट्टाने हे काम घेतलं, त्यासाठी वेगळा कोर्स केला. "म्हातारपण सगळ्यांनाच येतं, तू आत्तापासून कशाला सराव करतेस?" हे घरच्यांचं ठरलेलं वाक्य.

जे घडलं ते थंडीच्या दिवसांत, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात घडलं. दिवे लावायच्या वेळेला. रात्रीबित्री नाही. सगळे जागे होते आणि टीव्ही चालू होता.

संध्याकाळ ही आमच्याकडची सगळ्यात वाईट वेळ. ऊन उतरलं की पेशंट बिथरतात. कुणाला घरी जायचं असतं, कुणाला शाळेतून पोरं आणायची असतात. त्या पोरांना आता नातवंडं झालेली असतात.

मास्तरांना बायको हवी असायची. ती वारलीय, एवढंच त्यांच्या केसपेपरवर होतं.

ते चित्रकलेचे मास्तर. दिवसभर गुणी मुलासारखे बसायचे. माझी वेणी वाकडी आलीय, असं सांगून ती कागदावर काढूनही दाखवायचे. पण दिवस कलला की वॉर्डच्या दारावर मुठी आपटायला लागायचे.

"ही अजून आली नाही. दार उघडा!"

दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप. मास्तरांच्या मुठी सोलून निघायच्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, असंच चाललं तर झोपेचं इंजेक्शन सुरू करावं लागेल. ते सुरू झालेली माणसं मी पाहिलीत. ती अंथरुणाला खिळतात, ती खिळतातच. मास्तर अजून स्वतःच्या हाताने जेवत होते. मला त्यांना त्या इंजेक्शनपासून वाचवायचं होतं. एवढीच माझी धडपड होती.

कोर्समध्ये शिकवलं होतं, पेशंटशी वाद घालू नका, पण खोटंही बोलू नका. ज्याची वाट बघतायत त्या माणसाबद्दल विचारा. बायको कशी होती, काय आवडायचं. बोलता बोलता जीव शांत होतो.

होतो ना! पण त्याला वेळ लागतो. आणि संध्याकाळी अख्ख्या वॉर्डला आम्ही दोघीच.

"एवढं पुराण कशाला लावतेस?" मेट्रनबाई म्हणाल्या. "वाटेत आहेत म्हणावं. सांगायला काय जातंय?"

मग मी सांगितलं. "मास्तर, त्या वाटेत आहेत."

मास्तर मुकाट्याने खुर्चीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी तेवढ्यावर भागेना. "वाटेत म्हणजे कुठे?" मास्तरच ते, अर्धवट उत्तर चालायचं नाही. मग मी तोंडाला येईल ते सांगायला लागले. स्टॉपवर उतरल्यात. हळूहळू चालतायत, गुडघा दुखतोय ना त्यांचा. हातात जड पिशवी आहे. कोपऱ्यावर दम खात बसल्यात.

कुणाचा गुडघा नि कुठली पिशवी! एवढ्या वयाच्या माणसाची बायको म्हातारीच असणार, आणि म्हाताऱ्या माणसांचे गुडघे दुखतातच. चौकशी करायला फुरसत कुणाला होती?

विचित्र एवढंच होतं, की मास्तरांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे...

पण हे आठवायचं.

"काल कोपऱ्यावर होती ना? आज कुठवर आली?"

एका संध्याकाळी मी म्हणून गेले, "गेटशी पोचल्या."

थोड्याच वेळात वॉचमनकाका वर आले. "सिस्टर, कुणी आजीबाई आल्या का वर? लंगडत होत्या. हातात पिशवी. मास्तरांकडे जायचंय म्हणाल्या. मी खुर्ची द्यायला वळलो, तर..."

"तर काय?"

"नव्हत्याच."

काकांना मी गुडघ्याबद्दल बोलले नव्हते. पिशवीबद्दलही नाही.

मेट्रनबाईंना सांगितलं. त्या हसल्या. "वॉचमन दुपारी झोपतो आणि उठून स्वप्नं सांगतो."

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आज एक अक्षर बोलायचं नाही. गंमत म्हणजे, मास्तरांनी विचारलंच नाही.

बोलल्या त्या फोनवाल्या आजी. या आजी पूर्वी टेलिफोन खात्यात होत्या, लोकांचे फोन जोडून द्यायच्या. आता दिवसभर हात कानाला लावून बसतात.

"हॅलो... होल्ड करा हं." मग मास्तरांकडे वळून, "तुमच्यासाठी आहे. बाई जिन्यात आहेत. पहिल्या मजल्यावर टेकल्यात."

जिन्याचं मी कधीच म्हटलं नव्हतं.

मी टीव्ही बंद केला.

दाराबाहेरून आवाज येत होता. एक पाऊल टेकल्याचा... आणि एक ओढल्याचा. मध्येच काहीतरी जड खाली ठेवल्याचा. मग पुन्हा उचलल्याचा.

वॉर्ड चिडीचूप झाला. संध्याकाळी आमचा वॉर्ड कधीच गप्प नसतो.

मास्तर उठले. हाताने केस सारखे करायला लागले. आता खरं सांगण्यावाचून इलाज नव्हता.

"मास्तर, त्या येणार नाहीत. त्या गेल्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या स्वच्छ नजरेने त्यांनी मला त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

"मला माहितीये. पोरगं लहान होतं तेव्हाच गेली. जिने धावत चढायची ती."

मग त्यांनी कान देऊन ऐकलं...

"मग ही कोण?"

पावलं दाराशी थांबली.

कुलपाची बटणं वाजायला लागली. टिक... टिक... टिक... टिक. ते आकडे फक्त आम्हा स्टाफला माहीत असतात.

दार उघडलं. बाहेर कुणीही नव्हतं.

पण फोनवाल्या आजींनी पाय जवळ घेतले, कुणाला तरी वाट द्यावी तसे. सगळ्या पेशंटच्या माना एकदम वळत गेल्या. दारापासून हळूहळू... मास्तरांच्या शेजारच्या खुर्चीपर्यंत.

मास्तर किंचाळले. "ही माझी नाही! हिला बाहेर काढा!"

खालून माणसं बोलावली, त्यांना आवरायला चौघं लागली.

दुसऱ्या दिवसापासून इंजेक्शन सुरू झालं. मी भांडले, अगदी हातापाया पडले. "पेशंटला भास झाला," डॉक्टर म्हणाले. दार कसं उघडलं? "कुलूप बिघडलं असेल." बाकीच्यांनी काय पाहिलं? "सिस्टर, ते कुठे राहतात तेही त्यांना सांगता येत नाही." बोंबला! पाहणारे सगळे असे, की ज्यांच्यावर जगात कुणी विश्वास ठेवणार नाही.

मास्तरांच्या मुलाला फोन केला. "आईचा गुडघा?" तो म्हणाला. "सिस्टर, मी बालवाडीत होतो आई गेली तेव्हा. गुडघे दुखायचं वय तिला मिळालंच नाही."

म्हणजे लंगडणारी, पिशवीवाली म्हातारी कधी नव्हतीच. ती फक्त माझ्या तोंडात होती.

मास्तर आता पलंगावर असतात. चित्र नाही, बोलणं नाही. शेजारच्या खुर्चीवर कुणी बसत नाही. एरवी आमच्याकडे खुर्च्यांवरून मारामाऱ्या होतात.

आई म्हणते, नोकरी सोड. कशी सोडू? त्यांना हलता येत नाही, ओरडता येत नाही, आणि उशाशी कोण बसलंय ते फक्त मला माहितीये.

परवा दिवे लावताना मी धीर केला. खुर्चीकडे बघून हात जोडले. "आजी, तुमचं इथे कुणी नाही. तुम्ही घरी जा."



मग मागून फोनवाल्या आजींचा आवाज आला. "सिस्टर, तुमच्यासाठी आहे."

त्यांनी हाताचा फोन दुसऱ्या हाताने झाकला, आणि हळूच म्हणाल्या, "त्या विचारतायत, घर कुठेय? मी कुठून निघाले, ते तू कधी सांगितलंच नाहीस..."

आज संध्याकाळी माझी ड्यूटी आहे. काय उत्तर द्यायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.