लोवेलची बायको

लोवेल टॉरसनने जानेवारीत वाळवंटातल्या युमा गावाजवळच्या कॅम्पमध्ये आपली मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, लावली, पाण्याची नळी जोडली, विजेची तार खोचली आणि खुर्ची टाकून सावलीत बसला. नॉर्थ डकोटातल्या एका धान्यकोठारावर चाळीस वर्षं वजनकाटा सांभाळलेला माणूस. काटा दाखवील तेवढंच खरं मानणारा. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यापासून दर हिवाळ्यात बर्फातून पळून असा कुठेतरी उन्हाला येऊन पडायचा. सगळीकडे जोडपीच भेटत. पोहण्याच्या तलावात जोडपी, रविवारच्या पॅनकेकच्या रांगेतही जोडपी. लोवेल कडेच्या टेबलावर बसून खाई आणि परते.

चौथ्या दिवशी शेजारच्या गाडीतली मेव्हिस पिशवीभर संत्री घेऊन आली. सत्तरीची, बडबडी बाई.

"तुला आंबट चालत नाही म्हणाली कॉरीन, म्हणून गोड बघून आणलीत."

कोण कॉरीन, असं त्याने विचारलं.

"बायकोचं नाव विसरलास? थांब, सांगतेच तिला."

आपण एकटेच आहोत, हे लोवेलने नीट समजावून सांगितलं. एखाद्या नवऱ्याची जुनी थट्टा ऐकावी तशी मेव्हिसने मान डोलावली. आंबट मात्र त्याला खरंच चालत नसे.

मग इतरही बोलू लागले. आज पत्त्यांत कॉरीनने सगळ्यांना लोळवलं, असा निरोप कोणी देई. आज एकटाच फिरायला का, असं फाटकावरचा म्हातारा रखवालदार विचारी. ती दिसते कशी, असं लोवेलने विचारलं की लोक जरा चमकून त्याच्याकडे बघत आणि विषय बदलत.

एका दुपारी ती तलावावर आहे असं कळल्यावर तो तिकडे गेला. आत्ताच घरी गेली, असं त्याला सांगण्यात आलं. तो परतला तेव्हा मोटरहोमच्या पायरीवर ओल्या पावलांचे दोन ठसे होते. लहान, बायकी. कडक उन्हात ते त्याच्या डोळ्यांदेखत वाळून गेले. आत कोणी नव्हतं.

कोणीतरी चेष्टा करत असणार, असं त्याने मनाशी ठरवलं. पण त्या संध्याकाळी जेवताना, आपण बाकावर सरकून शेजारी जागा करून दिली आहे, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. तेव्हा मात्र तो भ्याला.

सकाळी त्याने नळी गुंडाळली, तार काढली आणि कोणाचाही निरोप न घेता निघाला.

चारशे मैलांवर, न्यू मेक्सिकोतल्या एका कॅम्पमध्ये तो गाडीतून उतरत होता तोच फोन वाजला. मेव्हिसने युमाच्या कॅम्पच्या कचेरीतून नंबर मिळवला होता.

"लोवेल, असं करतं का कोणी? ती बिचारी सकाळपासून तुझ्या रिकाम्या जागेवर बसून आहे. खाली, खडीवर. घासभरही खाल्लेलं नाही."

तो काहीतरी कडक बोलणार होता. तोंडून निघालं ते वेगळंच.

"तिला फोन दे."

खडी वाजली.

मेव्हिसचा आवाज लांब गेला.

कोणीतरी श्वास घेतला.

"रागावले नाहीये मी," एक बाई हळूच म्हणाली. "फक्त उताणा झोपू नकोस. रात्रभर खोकतोस."

लोवेल फोन कानाशी धरून उभा राहिला. आपण झोपेत खोकतो का, हे त्याला ठाऊक नव्हतं. एवढ्या आयुष्यात ते सांगायला कोणी नव्हतंच.