शूटिंगनंतरचा दहावा दिवस

आरोही आमच्याकडे टोपली मागायला आली, तिथून हे सुरू झालं.

आरोही म्हणजे खालच्या मजल्यावरच्या पगारेंची मुलगी. कॉलेजात सिनेमाचं, जाहिरातीचं काहीतरी शिकते. शेवटच्या वर्षाला बारा मिनिटांचा सिनेमा करून द्यायचा असतो, नाहीतर वर्ष जातं. तिच्या गटात तिघं जण. काय कसं करायचं ते आरोही सांगणार, रुद्र कॅमेरा धरणार आणि पूजा कानाला ते मोठे डबे लावून आवाज टिपणार. चौथा एक मुलगा नातवाचं काम करणार होता, त्याला नोकरी लागली आणि तो पुण्याला निघून गेला. मग नातवाची नात झाली आणि ते काम आरोहीनेच करायचं ठरलं. कॉलेजचा कॅमेरा मिळणार फक्त दोन दिवस, मंगळवार आणि बुधवार. पोरं कावून गेली होती.

मला काय, विचारायची सवय. टोपली कशाला हवी, म्हटलं. तेव्हा तिने गोष्ट सांगितली. आजी वारते, नात उशिरा घरी पोचते, आणि आजी गेली त्या जागी पीठ पसरून टोपली झाकलेली असते. सकाळी टोपली उचलायची, पिठावर कसलं पाऊल उमटलंय ते बघायचं. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते त्यावरून कळतं म्हणतात. आरोहीच्या गोष्टीत पिठावर काहीच उमटलेलं नसतं. तिथे सिनेमा संपतो. मला ऐकूनच भरून आलं.

पण आजी मिळत नव्हती. पूजाच्या आजीने कबूल केलं होतं, तर तिच्या घरच्यांनी मोडता घातला. जितंजागतं माणूस मेलेलं म्हणून झोपवायचं नाही, म्हणाले. आरोहीचे डोळे पाण्याने भरले होते. आणि मी बोलून गेले, "वत्सलामावशींना विचारते ना मी."

वत्सलाबाई आमच्या समोरच्या दारात राहायच्या. दोन्ही दारं दुसऱ्या मजल्यावर, मध्ये चार पावलांची जागा. वय चौऱ्याहत्तर. मालक जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा शेखर निफाडला, द्राक्षांच्या बागेत. दर रविवारी फोन करायचा. मावशींना माणसांची फार हौस, आणि दिवसभर घरात येणार कोण, तर मी. पोरं दोन दिवस घरात वावरतील म्हटल्यावर त्या लगेच हो म्हणाल्या. वर मला म्हणाल्या, "मरायचंच ना फक्त? पाठ काही करायचं नाही ना?"

मंगळवारी सकाळी सगळं सामान आलं. पूजाला बिल्डिंगमधल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, म्हणून मी घरोघर जाऊन सांगून आले, अकरा ते एक कुकर लावू नका. तिसऱ्या मजल्यावरची साधना म्हणाली, काकू, तुम्हीच हिरॉइन का? मी हसले. खरं सांगते, मला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं. सातवी शिकलेली बाई मी, आणि कॉलेजची पोरं मला विचारत होती, काकू, हे असं ठेवतात का, काकू, ते कुठल्या बाजूला?

मी सगळं नीट केलं. हॉलमध्ये चटई टाकली. ओठांवर तुळशीचं पान ठेवलं. नाकात कापूस घालायला गेले तर मावशी म्हणाल्या, "सविता, कापूस नको गं, शिंक येते." भिंतीवर त्यांचा फोटो लावला, माझ्याच घरच्या हळदीकुंकवातला, आणि त्याला हार घातला. उशाशी दिवा ठेवला, वातीचं तोंड दक्षिणेला. पोरांनी विचारलं, हा दिवा किती दिवस ठेवतात? मी म्हटलं, दहा दिवस. आणि एकदा लावला की मध्ये विझवायचा नसतो. हे मी जरा मोठ्यानेच सांगितलं. मावशी डोळे मिटून पडल्या होत्या, पण ऐकत होत्या.

अडचण एकच होती. मेलेल्या आजीचं पोट हलत होतं. रुद्र कॅमेऱ्यातून बघायचा आणि म्हणायचा, "आजी, श्वास दिसतोय." मावशी श्वास धरायच्या, मग खोकला यायचा, सगळे हसायचे, पुन्हा पहिल्यापासून. असं दहा वेळा झालं. अकराव्या वेळी पोट हललं नाही. आरोही शेजारी बसून रडत होती, मी सुनेचं काम करत होते, डोक्यावर पदर घेऊन. खोली एकदम गप्प झाली. रस्त्यावरचे हॉर्नही लांब गेल्यासारखे वाटले. तुळशीचा वास तेवढा येत होता, ओल्या मातीसारखा. खूप वेळ गेला. मग आरोहीने कट म्हटलं. मावशी उठल्या नाहीत. मी खांद्याला हात लावला, तर खांदा गार. दुसऱ्यांदा हलवल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं, जसं काही मी कोण ते आठवत होत्या.

"झालं का?" एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्या फारशा हसल्या नाहीत.

संध्याकाळी पीठ पसरलं, टोपली झाकली. सकाळच्या उजेडात उचलायची म्हणून सगळं तसंच ठेवून पोरं गेली. मी तेव्हा म्हणायला हवं होतं, मावशी, आज आमच्याकडे झोपा. नाही म्हटलं. घरी पाहुणे यायचे होते, त्यांची भाजी राहिली होती.

बुधवारी कॅमेऱ्यासमोर टोपली उचलली. पिठावर पाऊल होतं. एकच, डावं, बाईमाणसाचं. करंगळी जरा बाहेर वळलेली, मावशींची आहे तशीच. तोंड दाराकडे. आरोहीने आधी रुद्रकडे बघितलं, त्याने हात वर केले. मावशी म्हणाल्या, "माझंच असेल, रात्री पाण्याला उठते मी." पण टोपली जिथल्या तिथे होती, आणि बाकी पीठ जरासुद्धा विस्कटलेलं नव्हतं. पोरांनी घाईघाईत पीठ पुसलं, दुसरं पसरलं, हवं तसं शूटिंग केलं आणि कॅमेरा परत करायला पळाली. फोटोचा हार मी काढला. दिव्याचं माझ्या लक्षात राहिलं नाही.

मावशींच्या मात्र राहिलं.

शुक्रवारी गेले तर दिवा जळत होता. त्या तेल घालत होत्या. म्हटलं, मावशी, सिनेमा संपला, विझवा तो. तर म्हणाल्या, "तूच म्हणालीस ना, विझवायचा नसतो." मी फुंकर घालायला वाकले आणि थांबले. मनात आलं, माझ्या हातून विझला आणि काही झालं तर बोल मला लागेल. त्या एका फुंकरीचा विचार मी अजून करते.

मग एकेक होऊ लागलं. दूधवाला त्यांच्या दारात पिशवी ठेवायचं विसरला. दोन दिवस विसरला. मी जिन्यात गाठून दरडावलं, तर बिचारा कानाला हात लावून म्हणाला, "काय करू ताई, त्या दारापाशी हात थांबतच नाही." रविवारी शेखरचा फोन आला नाही. सोमवारी मीच त्याला लावला. द्राक्षं काढणीला आलीत म्हणून आईला विसरलास का, असं म्हटलं. तो म्हणाला, "आईशी कालच बोललो की काकू." मग स्वतःशीच म्हणाला, "नाही... मला वाटलं, बोललो."

आणि मंगळवारी मी त्यांच्या घरात शिरले, हाका मारल्या, स्वयंपाकघरात बघितलं, न्हाणीघरात बघितलं. परत हॉलमध्ये आले तर त्या खुर्चीत बसलेल्या. आधीपासूनच. मी त्यांच्या समोरून दोनदा गेले होते.

मी खालीच बसले. त्या माझ्याशी अगदी हळू बोलल्या, आजारी माणसाजवळ बोलावं तसं.

"सविता, मला भूक लागत नाही. आणि लोक माझ्याकडे बघतात ना, ते माझ्या मागच्या भिंतीकडे बघतात."

"काहीतरीच काय मावशी... डॉक्टरकडे जाऊ."

"डॉक्टर काय करणार. मी त्या दिवशी कुठंतरी गेले होते गं. तुम्ही रडत होता ते ऐकू येत होतं. परत आले, पण नीट नाही आले." मग माझा हात धरला. हात असा गार, नळाखाली धरलेल्या भांड्यासारखा. "तू लावलंस ना सगळं, आता तूच पुरं कर. परवा दहावा दिवस. सकाळी गच्चीवर भात ठेवू. भटजी नको, काही नको. तू नुसती माझ्याजवळ बस. एकटीला मला भीती वाटते."

"बसेन," मी म्हटलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, जिवंत बाईचं दहावं घालतेस? मला रात्रभर झोप लागली नाही. डोळा लागला की वाटायचं, कोणीतरी दाराबाहेर त्या चार पावलांच्या जागेत उभं आहे, आत यायची वाट बघत. बुधवारी दिवसभर मी दार उघडलं नाही. गुरुवारी पहाटेच उठले, पिशवी भरली आणि पहिल्या बसने घोटीला बहिणीकडे निघून गेले. समोरच्या दाराकडे बघितलंसुद्धा नाही. बसमध्ये मोबाईल बंद केला. बहिणीकडे दिवसभर तांदूळ निवडत बसले. प्रत्येक मुठीला वाटत होतं, आता त्या वाट बघत असतील. आता भात निवला असेल.

शुक्रवारी दुपारी परत आले तर खाली मंडप, चपलांचा ढीग. वत्सलाबाई गुरुवारी दुपारी गेल्या होत्या. एक वाजता साधनाला सापडल्या, हॉलमध्ये, त्याच जागी, हात छातीवर ठेवून. डॉक्टर म्हणाले, झोपेत हृदय थांबलं. दिवा विझला होता आणि त्यात तेल भरलेलं होतं.

शेखर माझ्यापुढे आला आणि त्याने हात जोडले. "काकू, शेवटच्या दिवशी तुम्ही आईजवळ होतात, फार बरं झालं." मी मान हलवली. खरं सांगायची लाज वाटली. वाटलं, त्याला कोणी नीट सांगितलं नसेल.

आरोहीने तो सिनेमा दिलाच नाही. दुसरं काहीतरी घाईघाईत केलं, पास होण्यापुरतं. हल्ली ती जिन्यात दिसली की मान खाली घालते, आणि मीही घालते. चूक तिची नव्हती. तिने फक्त टोपली मागितली होती.

तेराव्यानंतर साधना माझ्याकडे आली. जरा रागातच होती. म्हणाली, काकू, गच्ची सकाळी मी उघडते, किल्ली माझ्याकडे असते, तुम्ही सांगून तरी जायचंत. मी विचारलं, कधी? तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी थट्टा करतेय.

गुरुवारी सकाळी, ती म्हणाली, आठच्या सुमाराला तुम्ही दोघी माझ्या दारावरून वर गेलात. तुमच्या हातात ताट, भाताचं. तुम्ही मावशींना धरून नेत होतात. तुमच्या डोक्यावर पदर होता. मी हाक मारली, तुम्ही वळून बघितलं नाही. मग बारापर्यंत वरून बोलण्याचा आवाज येत होता. मावशी हसत होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मी तिला घोटीचं सांगितलं नाही. सांगता आलं नाही.

"बारा वाजता मावशी एकट्या खाली आल्या," साधना म्हणाली. "बरं वाटतंय म्हणाल्या. मी वर जाऊन बघितलं. ताट रिकामं होतं, कावळे उडत होते. दुसरं कोणी नव्हतं. मी गच्चीला कुलूप लावलं." मग तिने आवाज खाली आणला. "तिथे दार एकच आहे काकू... तुम्ही कुठून उतरलात?"