काळा यायला हवा होता तो फोटो

आधीच सांगते, ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी इथेच थांबावं. मला वाद घालायचा नाही. घालून घालून तोंड दुखलं.

हे माझ्या मावसबहिणीच्या, तेजस्विनीच्या बाबतीत घडलं. गेल्या डिसेंबरात. नाशिकला, पाथर्डी फाट्याच्या आत, एका सोसायटीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये.

आणि रात्री नाही. दुपारी.

रात्रीचं असतं तर म्हणता आलं असतं की झोपेत असेल, अंधारात भास झाला असेल. तेजू दुपारी झोपत नाही. आणि तिला भासबीस होत नाहीत. तिला राग येतो.

तेजू सातपूरला एका कंपनीत अकाउंट्स बघते आणि शनिवार-रविवार फोटोग्राफी शिकते. फुलांपाखरांची नाही, माणसांच्या चेहऱ्यांची. कॉलेज रोडला विश्वेश सर म्हणून आहेत, त्यांच्याकडे. तेव्हा तिथे फ्लॅशचे धडे चालू होते. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर न लावता बाजूला स्टँडवर लावायचा. त्याच्यापुढे पांढरी छत्री. कॅमेऱ्यावर छोटा ट्रिगर. इकडे बटण दाबलं की तिकडे फ्लॅश उडतो.

सरांनी एक सवय लावून दिली होती. फ्लॅश चालू करायच्या आधी, तो बंद ठेवून एक फोटो काढायचा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. काळा आला म्हणजे खोलीतला उजेड फोटोत घुसत नाही. मग पुढे फोटोत जे दिसेल ते फक्त फ्लॅशनं दाखवलेलं.

हे एवढं लक्षात ठेवा.

तेजूच्या ऑफिसात पूजा म्हणून तिची मैत्रीण आहे. रोज एका डब्यात जेवणाऱ्या दोघी. पूजाची आई, लंकाबाई, अचानक गेली. ही माणसं मूळची सिन्नरकडची, शेतीवाली. मुलगा शेखर इथल्या अंबड एमआयडीसीत नोकरीला लागला तसे सगळे नाशकात आले. फ्लॅटवर पूजाचे वडील सावळीराम, अजून लग्न व्हायचं असलेला शेखर आणि लंकाबाई. पूजा लग्न होऊन जवळच सिडकोत.

दहावा दोन दिवसांवर आला असताना शेखरचा तेजूला फोन आला.

"ताई, आईचा फोटो पाहिजे होता. हार घालायला."

"पाठवा ना. साफ करून, मोठा करून देते."

"फोटो नाहीये."

"म्हणजे? एकही?"

"एकही नाही."

आजच्या काळात! जिथे माणूस मिसळीचा फोटो काढल्याशिवाय पावाला हात लावत नाही!

कारण ऐकाल तर तुमचंही डोकं फिरेल. सावळीरामला बायकोचा फोटो काढलेला चालत नव्हता. बाईमाणसाचा फोटो कशाला, त्यानं पोट भरतं का, हे त्याचं म्हणणं. पूजाच्या लग्नाच्या अख्ख्या अल्बममध्ये आई कुठे आहे? एका फोटोत पाठमोरी. एका फोटोत ताट पुढे करणारा नुसता हात. पूजानं एकदा मोबाईलवर गुपचूप काढला होता, तर सावळीरामनं मोबाईल फरशीवर आपटला. आधार कार्डावर एक होता, पण तो आधारचा फोटो. त्यात वर पदर आणि खाली काळा डाग, एवढंच.

आणि आता ह्याच माणसाला गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, दहाव्याच्या चार पाहुण्यांत, टेबलावर ठेवायला बायकोचा फोटो हवा होता. कारण पाहुणे नावं ठेवतील!

तेजू कॅमेरा आणि स्टँड घेऊन गेली. तिला वाटलं, आधार कार्डावरूनच काहीतरी करायचं असेल.

हॉलमध्ये पूजा खुर्चीवर बसलेली होती. अंगावर आईचं हिरवं नऊवारी. डोक्यावर पदर. कपाळाला आईसारखंच रुपयाएवढं कुंकू.

तेजू दारातच थांबली.

शेखर म्हणाला, "अक्का डिट्टो आईसारखी दिसते, ताई. तुम्ही फोटो काढा, मग कॉम्प्युटरवर केस पांढरे करा, सुरकुत्या टाका. कुणाला कळणार नाही."

तेजूला आधी शब्दच फुटेनात. मग सगळे एकदम फुटले.

"काका, जिवंत बाईच्या फोटोला हार घालणार? तुमच्या पोटच्या पोरीच्या?"

सावळीराम दिवाणावर तंबाखू मळत होता. वर न बघता म्हणाला, "फोटू लंकीचा म्हनायचा. कोन इचारतंय? तू तुजं काम कर. लय शानपना नको."

तेजू सामान उचलून निघालीच होती. पूजानं तिचा हात धरला.

"काढ गं. नाहीतर टेबलावर नुसती समई ठेवतील. आई म्हणून कुणीतरी तिथं असू दे."

तिच्यासाठी तेजू थांबली. दात-ओठ खात थांबली.

तिनं पडदे ओढले. स्टँड पूजाच्या डाव्या बाजूला उभा केला, छत्री लावली. शिकल्याप्रमाणे फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढला.

काळा. अगदी हवा तसा.

तेवढ्यात तिला आवाज आला...

थप... थप... थप...

स्वयंपाकघरातून. भाकरी थापल्याचा.

"आत कोण आहे?" तेजूनं विचारलं.

"कुनी नाय," सावळीराम म्हणाला.

सुतकात त्यांचं जेवण शेजारून यायचं. गॅस पेटवलेलाच नव्हता. तेजूनं पूजाकडे पाहिलं. पूजा मांडीवरच्या हातांकडे बघत होती. तिलाही ऐकू येत होतं.

तेजूनं फ्लॅश चालू केला.

आणि थाप थांबली...

मग नळ सुटला. कुणीतरी पिठाचे हात धुवावेत इतका वेळ पाणी वाहिलं. नळ बंद झाला.

बाहेर कुणीच आलं नाही.

तेजूनं मनाला दटावलं की शेजारच्या भिंतीतून आला असेल आवाज. कॅमेरा डोळ्याला लावला. बटण दाबलं.

फ्लॅश उडाला. तिनं मागच्या स्क्रीनवर पाहिलं.

लुगड्याचा काठ लखलखीत. खुर्चीचा दांडा स्वच्छ. मागची भिंत उजळलेली.

पूजाचा चेहरा मात्र काळा...

चेहऱ्यावर सावली पडली होती. पुसट नाही. पुढे कुणी उभं राहिलं की पडते तशी, कडा असलेली.

तेजूनं फ्लॅशपासून खुर्चीपर्यंतची फरशी पाहिली. मधे काहीच नव्हतं.

तिनं स्टँड उजव्या बाजूला नेला. पुन्हा बटण दाबलं.

चेहरा काळा.

स्टँड उंच केला, फ्लॅश वरून खाली झुकवला.

चेहरा काळा. आणि आता सावलीचा आकार कळत होता. गोल डोकं. डोक्यावरून खांद्यावर उतरलेला पदर...

जिकडे फ्लॅश न्यावा तिकडे ती सावली आधी जाऊन उभी राहत होती.

तिनं शेखरला स्क्रीन दाखवली. शेखर म्हणाला, "छत्री आडवी येत असेल, ताई." मूर्ख! छत्रीला पदर असतो का?

सावळीराम उठून तेजूच्या मागे येऊन उभा राहिला. तंबाखूचा वास तिच्या मानेवर.

"एक फोटू काढाया इतका वेळ? येत नसंल तर तसं सांग. दुसरा बोलवू."

इथे तेजूची भीती गेली आणि राग आला. तिनं फ्लॅश पूर्ण ताकदीवर नेला, स्टँड पूजाच्या अगदी जवळ ओढला. तिथे आता कुणी मधे उभं राहील एवढी जागाच नव्हती.

"पूजा, वर बघ."

बटण दाबलं.

फ्लॅश उडालाच नाही.

ट्रिगरवरचा दिवा हिरवा. फ्लॅशवर तयार असल्याची खूण. तिनं फ्लॅशचं बटण हातानं दाबून पाहिलं तर लख्खकन उडाला. सगळं चालू होतं. फक्त त्या एका फोटोला तो उडाला नव्हता.

म्हणजे तो फोटो काळा यायला हवा होता.

तिनं स्क्रीनकडे पाहिलं...

फोटो काळा नव्हता.

खुर्चीच्या पुढे एक म्हातारी बाई उभी होती. पूजा तिच्या मागे पूर्ण झाकली गेली होती. बाईनं दोन्ही हात किंचित बाजूला धरले होते, अंगावर येणाऱ्या जनावरापासून लेकराला पाठीशी घालावं तसे. चेहऱ्यावर स्वच्छ उजेड होता. एकेक सुरकुती दिसत होती. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. पूजाच्या हनुवटीवर गोंदण नाही.

तोंड उघडं होतं, बोलता बोलता टिपल्यासारखं.

आणि रागावलेली होती. तेजू म्हणते, मी रागीट माणसं खूप पाहिलीत, मी स्वतःच आहे. पण इतका साठवलेला राग कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही.

ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. थोडं बाजूला बघत होती. तेजूच्या खांद्यावरून, मागे...

जिथे सावळीराम उभा होता.

पूजा खुर्चीवरून उठून आली. तिनं स्क्रीन पाहिली आणि तिच्या तोंडून एकच शब्द आला.

"आई..."

शेखरही वाकून बघायला आला. त्याच्याही तोंडून तोच शब्द.

सावळीरामनं चष्मा लावला. कॅमेरा तेजूच्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत राहिला.

तेजूला वाटलं, आता हा रडेल. किंवा किंचाळेल.

सावळीराम म्हणाला, "ही कोन बाई?"

त्यानं कॅमेरा जरा लांब धरला.

"कुनाचा फोटू हाय हा? आपल्यातली नाय वाटत."

तो नाटक करत नव्हता. तेजू शपथेवर सांगते. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, लाज नव्हती. अनोळखी माणसाकडे बघावं तसा तो बघत होता.

"आप्पा, आई आहे ती!" पूजा ओरडली. "तुमची बायको!"

"लंकी अशी कुठं व्हती?"

"मग कशी होती? सांगा! कशी होती?"

सावळीरामनं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

त्याला सांगता येईना. डोळे कसे होते, नाक कसं होतं, हनुवटीवर काय होतं... काही म्हणजे काही सांगता येईना. जन्मभर त्या बाईच्या हातचं खाल्लं आणि एकदा मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं त्यानं! हे लिहितानासुद्धा माझं रक्त उकळतं.

पूजानं पदर डोक्यावरून खाली ओढला. कपाळावरचं ते मोठं कुंकू तळहातानं पुसलं. "हाच फोटो लागेल," ती म्हणाली. "दुसरा कुठलाही लागला तर मी गंगेवरच तो फोडीन."

तोच लागला. दहाव्याला गंगेवर सिन्नरकडच्या बायका आल्या होत्या. फोटो बघून एकेकीनं तोंडाला पदर लावला. "लंकाबाईच गं, हुबेहूब! कुणी काढला इतका चांगला?" एकीलाही सांगावं लागलं नाही.

हार घालायची वेळ आली तसा सावळीरामला पुढे केलं. तो हार घेऊन फोटोसमोर उभा राहिला. आजूबाजूला पाहिलं. आणि सगळ्यांच्या देखत, अगदी साध्या आवाजात विचारलं,

"ही बाई कोन हाय?"

पूजानं त्याच्या हातातून हार काढून घेतला. स्वतः घातला. विधी उरकल्यावर फोटो बगलेत मारून थेट सिडकोला, स्वतःच्या घरी नेला. शेखरनं अडवलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसले नसते.

फेब्रुवारीत तेजूला शेखरचा फोन आला. संध्याकाळची वेळ. ती ऑफिसच्या बसला उभी होती. शेखरचा आवाज ओळखू येईना इतका बसला होता.

"ताई, आप्पांचं काहीतरी बिनसलंय. म्हणतात, घरात एक बाई फिरते."

तेजूनं फोन कानाशी घट्ट धरला.

"दिवसभर काम करते म्हणे. झाडते, भांडी घासते, कपड्यांच्या घड्या घालते. आप्पा तिला सारखं विचारत्यात, तू कोण. मला काही दिसत नाही, ताई... पण सकाळी उठलो की घड्या घातलेल्या असतात."

"त्यांना फोटो दाखवलात? पूजाकडचा?"

"दाखवला. म्हणले, व्हय, हीच ती. पन ही हाय कोन?"

बस आली, गेली. तेजू तिथेच उभी.

"ताई, तुम्ही एकदा या ना घरी. काहीतरी करा."

"मी काय करू? तुमच्या वडिलांना म्हणावं, बघा आता तिच्याकडे. बघत बसा." तेजूचा आवाज इतका चढला की बसथांब्यावरची माणसं वळून बघायला लागली.

फोन ठेवणार, तेवढ्यात तिला पलीकडून सावळीरामचा आवाज ऐकू आला. लांबून. दुसऱ्या खोलीतून. पार गळून गेलेला.

"ए बाई... सांग ना गं... कोन तू?"

आणि मग...

उत्तर आलं.

बाईचा आवाज. हळू, पण स्पष्ट. दोन-चारच शब्द. शेखरला ते ऐकू गेले नाहीत, तो तसाच "हॅलो, हॅलो" करत राहिला. तेजूनं ऐकले.

काय शब्द होते ते तिनं मला सांगितलं नाही. पूजालाही नाही. मी फार मागे लागले तेव्हा माझ्यावरच खेकसली.

"ते त्याच्यासाठी होतं," म्हणाली. "पुन्हा विचारू नकोस."

मी नाही विचारलं. पण हे सांगताना तिनं हातातला फोन बंद करून पालथा ठेवला, आणि या खेपेला तिचं ते खेकसणं रागाचं नव्हतं.