दोन सीटांचं मशीन

मशीन जिन्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकलं, तेव्हा ती खाली होती आणि तो वर.

"खाली कोणी आहे का?" वरून आवाज आला. "मला कामावर जायचंय."

"आहे ना! मी आहे, दोन हमाल आहेत आणि एक मोटार आहे."

"मोटार?"

मोटारच होती ती, पण खेळातली. जुन्या गेम पार्लरमध्ये असायची तशी – दोन सीटा, दोन स्टिअरिंगं, समोर दोन पडदे आणि नाणं टाकायची फट. खाली उभी असलेली ती लिफ्ट दुरुस्तीचं काम करायची. सकाळी एका बंद होणाऱ्या स्केटिंग हॉलमधली लिफ्ट उतरवायला गेली, तर कोपऱ्यात ताडपत्रीखाली हे दिसलं… आणि संपलंच. अर्ध्या तासात मशीन टेंपोत. आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्टवाल्या बाईच्या स्वतःच्या इमारतीलाच लिफ्ट नाही, हे तिला अर्धा जिना चढल्यावर आठवलं.

मशीनच्या माथ्यावरून एक चेहरा डोकावला. शांत डोळे, गळ्यात टेप. चौथ्या मजल्यावर नुकताच राहायला आलेला, कोट शिवणारा.

"घेण्याआधी मोजलं नव्हतं का?" त्याने विचारलं.

"आवडलेली गोष्ट कोणी मोजतं का?"

"मी मोजतो." आणि त्याने खरंच टेप काढली. मशीन मोजलं, जिन्याचं वळण मोजलं, मान हलवली. "चार बोटं जास्त आहे. सीटा काढा, जाईल."

"तुम्ही शिंपी की इंजिनिअर?"

"शिंपी. माणूस काय, मशीन काय… अडतं ते खांद्यातच."

ती खळखळून हसली आणि पाना काढून तिथेच पायरीवर बसली. तिने एकेक बोल्ट सोडवायचा, त्याने वरून हात लांब करून टाचण्या उचलायच्या लोहचुंबकावर तो धरायचा. आठवा बोल्ट निघेपर्यंत त्याला कामावर जायला तासभर उशीर झाला होता, आणि घड्याळाकडे बघायचं त्याला सुचलंही नव्हतं.

पण तिसऱ्या मजल्याच्या दारात तिची ताई उभी होती. कमरेवर हात.

"हे सहावं," ताई म्हणाली. "दोन खोल्यांच्या घरात सहावं! माझं कपाट अर्धंच उघडतं. आणि आधीच्या पाचांतली चालतात किती, ते विचारा हिला."

"दोन," ती पुटपुटली.

"हे आत आलं की मी बाहेर." ताई चेष्टा करत नव्हती. तिच्या मागे भरलेली बॅग दिसत होती.

मग तो घसा खाकरून म्हणाला, "आमच्या दुकानामागे एक खोली रिकामी आहे… पण काकांना विचारायला हवं. उद्यापर्यंत सांगतो."

"उद्यापर्यंत शेजाऱ्यांनी काय, उड्या मारत जायचं?" ती मशीनला टेकून म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने भुवया उंचावल्या. त्याने निमूटपणे फोन काढला.

अशी ती मोटार आल्या पावली खाली उतरली आणि शिंप्याच्या दुकानात जाऊन बसली. ती रोज कामावरून सुटली की थेट तिकडेच. पुढे गरम इस्त्रीची वाफ, खडूचा वास, काकांच्या कात्रीचा आवाज; मागे ती कमरेपर्यंत मशीनच्या पोटात आणि तो शेजारी स्टुलावर बटणांची काजं करत बसलेला.

"ही इस्त्री छान आहे हो," ती एकदा आतूनच म्हणाली.

"आठ महिने शोधत होतो तिला."

"आठ महिने? इस्त्री निवडायला?"

"वीस वर्षं वापरायची आहे ना."

ती पोट धरून हसली. पण त्या दिवशी घरी जाताना जिन्यात दोनदा थांबली. वीस वर्षं… असं कोणी सहज बोलतं का?

पाचव्या आठवड्यात दोन्ही पडदे उजळले. दोघं शेजारी शेजारी बसली, कोपराला कोपर लागलं, आणि कोणीच ते काढून घेतलं नाही. ती गाडी सुसाट सोडत होती, तो वळणावर वेग कमी करत होता.

"तू सारखी आपटतेस," तो म्हणाला. 'तू' पहिल्यांदाच आलं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं.

"आपण लग्न करू या?" ती म्हणाली.

त्याची गाडी रस्ता सोडून गवतात गेली. पडद्यावरचे आकडे उलटे धावत राहिले.

"हे… आत्ता सुचलं तुला?"

"हो!"

"तेच म्हणतो मी." त्याचा आवाज मऊ होता, म्हणूनच जास्त लागला. "तुझ्या घरातलं प्रत्येक मशीन असंच आत्ता सुचून आलंय. त्यातली तीन एकदाही सुरू झालेली नाहीत. मी सातवा असलो तर?"

ती उठली, पाना पिशवीत टाकला.

"विचारलंस ते योग्यच आहे," ती ताठ मानेने म्हणाली. "पण याचं उत्तर बोलून द्यायचं नाही मला."

त्यानंतर ती दुकानाकडे फिरकली नाही. सुट्टीच्या दिवशी घरात तारांना डाग देण्याचा धूर व्हायला लागला. ताई खोकत खोकत टॉर्च धरायची. त्या बंद तिनांतलं पहिलं मशीन सुरू झालं, तेव्हा तिला कळलं की ते आपल्याला मुळात आवडतच नाही. ते तिने ताईच्या ऑफिसातल्या एका हौशी माणसाला देऊन टाकलं. दुसरं कपडे धुण्याच्या दुकानात गेलं, लोक थांबतात तिथे. तिसऱ्याने नाकी नऊ आणले.

"एवढं सगळं त्याच्यासाठी?" ताईने विचारलं.

"नाही गं. मी टिकते की नाही, ते मलाच बघायचंय."

मध्येच एका जुन्या हॉटेलात लिफ्ट बघायला गेली, तर तळघरात हिरव्या काचेचं पिनबॉलचं मशीन! मालक म्हणाला, घेऊन जा. ती समोर उभी राहिली. हात शिवशिवले. आवडलंय, तिने स्वतःशी कबूल केलं, आणि लिफ्ट तपासून निघून आली. संध्याकाळपर्यंत ती हिरवी काच डोक्यातून गेलीसुद्धा. शिंप्याच्या दुकानातलं ते स्टूल मात्र सात आठवडे झाले, डोक्यातून जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती दुकानात शिरली. काका कापड कापत होते. एक जाडजूड गिऱ्हाईक हात पसरून उभं होतं आणि तो त्याच्या बाहीला टाचण्या लावत होता.

"तिन्ही सुरू झाली," ती म्हणाली. "पण ते सांगायला नाही आले. मी घाई केली, हे खरं. चूक नाही केली. तेव्हा जे विचारलं, तेच आज पुन्हा विचारतेय… आणि सात आठवडे रोज तपासून विचारतेय."

कात्री थांबली. गिऱ्हाइकाचा श्वासही थांबला असावा.

"मला ठरवायला वेळ लागतो," तो टाचणीकडे बघत म्हणाला.

"माहीत आहे. किती लागेल?"

"झाला." त्याने मान वर केली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "सकाळीच झाला. ही बाही झाली की तुझ्याकडेच येणार होतो… येऊन 'हो' म्हणणार होतो."

"मग आत्ता म्हण ना!"

"हो," तो म्हणाला. आणि मग, जणू एकदा पुरलं नाही म्हणून, "हो गं, हो."

तिने पुढे होऊन त्याचा हात धरला.

"आणि माझी बाही?" गिऱ्हाइकाने हात तसेच पसरून विचारलं.

"काका बघतील," तो म्हणाला, आणि तिच्यासोबत उन्हात बाहेर पडला.