तळ्याकाठचा क्रीम सूट

“भोंग्या, हळू बोल! शांतता सुरू झालीय!”

“मी हळूच बोलतोय!” भोंगा ओरडला. कुंपणावरच्या दोन चिमण्या उडून गेल्या.

दिवसभर दुर्बिणीतून शेजाऱ्यांकडे बघणाऱ्या आजींच्या, म्हणजे दुर्बीणआजींच्या बागेत चेंडू गेला होता आणि वेळ होती शांततेची. त्या वसाहतीचा तो सगळ्यात कडक नियम होता. दुपारच्या जेवणापासून चहापर्यंत घराबाहेर पडायचं नाही, घंटी वाजवायची नाही, खिडक्यांचे पडदे ओढून झोपायचं. हिरवळीभोवती गोल उभे असलेले मोठमोठे बंगले त्या वेळी अगदी मेल्यासारखे पडून असत.

नियम केला होता वसाहतीच्या अध्यक्षांनी. भोंगा त्यांचाच नातू. दर सुट्टीत तो आजोबांकडे यायचा, आणि त्याच्या आवाजामुळे आजोबांचा नियम रोज मोडायचा.

“मी आणते चेंडू,” खार म्हणाली. ती वसाहतीच्या माळीकाकांची मुलगी. झाडावर सरसर चढायची, म्हणून खार. “तुम्ही तिघं इथेच थांबा. मेजर, याचं तोंड धर!”

मेजर म्हणजे डॉक्टरांची मुलगी. हुकूम सोडायला तिला फार आवडायचं. तिने भोंग्याच्या तोंडावर हात ठेवला. चौथा गडी शेवटच्या बंगल्यातला चष्म्या. तो कमी बोलायचा आणि बघायचा जास्त. खार कुंपणाखालून आत सरकली.

आणि मग तिची किंकाळी आली.

दुर्बीणआजी कमळाच्या तळ्यात पालथ्या पडल्या होत्या. गळ्यातली दुर्बीण पाण्यावर तरंगणाऱ्या पानांत अडकली होती. किंकाळी ऐकून माळीकाका मागच्या आवारातून धावत आले आणि कपड्यांनिशी तळ्यात उतरले. त्यांनी आजींना काठावर ओढलं, उताणं केलं, हाका मारल्या. काही उपयोग नव्हता.

तेवढ्यात बंगल्यांची दारं उघडली. सगळे शेजारी धावत आले. अध्यक्ष सर्वांत शेवटी आले.

इन्स्पेक्टर आले तेव्हा माळीकाकांच्या कपड्यांतून पाणी निथळत होतं.

“मानेवर बोटांचे वळ आहेत,” इन्स्पेक्टर म्हणाले. “कुणीतरी डोकं पाण्यात दाबून धरलंय. त्या वेळी कोण कुठे होतं?”

“आम्ही झोपलो होतो,” डॉक्टर म्हणाले.

“आम्हीही,” निवृत्त न्यायाधीश म्हणाले.

“मला तर गाढ झोप लागली होती!” गुलाबबाई म्हणाल्या. त्यांच्या बागेत गुलाबांशिवाय दुसरं काही नव्हतं. स्वतःच्या मुलांना ओरडायच्या नाहीत, पण गुलाबाला कुणी हात लावला तर अंगावर धावून जायच्या.

“म्हणजे बाहेर हा एकटाच,” इन्स्पेक्टर माळीकाकांकडे वळले. “आणि ओलाही हाच! अजून काय हवंय?”

“साहेब, मी त्यांना बाहेर काढायला—”

इन्स्पेक्टरांनी त्यांच्या तोंडात मारली. खार इन्स्पेक्टरांच्या हाताला लोंबकळली, तर त्यांनी तिलाही ढकलून दिलं. शेजारी उभे होते. एकानेही तोंड उघडलं नाही.

माळीकाकांना घेऊन जीप गेल्यावर अध्यक्ष खारीसमोर येऊन उभे राहिले. “आवारातली खोली रविवारपर्यंत रिकामी कर. खुन्याच्या पोरीला ठेवायला ही धर्मशाळा नाही.”

“ती जाणार कुठे?” मेजरने विचारलं.

“मेजर, घरात चल!” डॉक्टरांनी तिला दंडाला धरून नेलं.

खारीला आई नव्हती. बाप तुरुंगात राहिला तर अनाथाश्रमाखेरीज तिला जागा नव्हती. तीन दिवसांनी सकाळी चौघं जण हिरवळीवरच्या झाडामागे भेटले. जागरणाने तिचे डोळे सुजले होते, पण ती रडत नव्हती.

“बाबांना भेटून आले,” ती म्हणाली. “त्यांची बोटं सुजलीत. ते म्हणाले, तिथे रोज विचारतात आणि रोज मारतात. कबूल केलंस की थांबवू, असं सांगतात.”

मेजरने खारीचा हात घट्ट धरला.

मग चष्म्या म्हणाला, “मला एक गोष्ट विचित्र वाटतेय. तू ओरडलीस तेव्हा सगळे लगेच आले ना? न्यायाधीशांच्या बुटांच्या नाड्या बांधलेल्या होत्या. मेजरचे बाबा इस्त्रीच्या शर्टात होते. गुलाबबाईंची वेणीही विस्कटली नव्हती. झोपेतून उठलेला माणूस असा दिसतो?”

“म्हणजे कुणीच झोपलं नव्हतं!” मेजर म्हणाली.

“फक्त भोंग्याचे आजोबा झोपले होते. ते तेवढे रात्रीच्या कपड्यांत आले.”

“बघा! आमचे आजोबा खोटं बोलत नाहीत!” भोंगा म्हणाला.

“पण बाकीचे जागे होते, तर काय करत होते?” खारीने विचारलं.

“पडद्याआडून एकमेकांकडे बघत होते!” मेजर म्हणाली. “दुर्बीणआजी उघड बघायच्या, हे चोरून बघतात. म्हणजे खुनी कुणाला तरी दिसला असणार! आपण त्यांचं खोटं उघडं पाडायचं. उद्या शांततेच्या वेळी एकाने मोठ्या माणसासारखा सूट घालून, टोपी घालून तळ्यापासून हिरवळीवरून चालत जायचं. आपण झाडावरून पडदे बघायचे. जो पडदा हलेल, त्याच्यामागचा माणूस जागा! भोंग्या, तू उंच आहेस. घरातून एखादा सूट आण.”

“आणतो की! आजोबांकडे कपाटभर आहेत, सगळे क्रीम रंगाचे!”

भोंगा उड्या मारत गेला. परत आला तो पाय ओढत. हातात पिशवी होती. तो बोलत नव्हता. भोंगा बोलत नाही हे तिघांनी आजवर पाहिलंच नव्हतं.

मेजरने पिशवीतून सूट काढला. तो दमट होता आणि कुबट वास येत होता. बाहीला कोपरापर्यंत हिरवं शेवाळ चिकटलं होतं.

“हा कुठे मिळाला?”

“न्हाणीघरात. पाणी तापवायच्या टाकीच्या मागे कोंबला होता.” भोंग्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. “आजोबांनी आयुष्यात कधी रुमालसुद्धा धुतला नाही. कपडे वाळत कुठे घालतात तेही त्यांना माहीत नाही. आणि कामवाल्या बाईंना दिला असता तर...”

म्हणजे अध्यक्ष रात्रीच्या कपड्यांत आले ते झोपले होते म्हणून नव्हे!

“भोंग्या,” खार हळूच म्हणाली, “तू हा परत ठेवलास तरी चालेल. मी कुणाला सांगणार नाही.”

“आणि तुझ्या बाबांची बोटं?” भोंगा म्हणाला. त्याने नाक पुसलं. “नुसता सूट नेऊन दाखवला तर इन्स्पेक्टर आजोबांचंच ऐकतील. मीच घालणार तो.”

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, पडदे ओढले गेले, शांतता सुरू झाली. इन्स्पेक्टर रोज अध्यक्षांकडे चहाला येत. आज ते लवकर आले होते आणि फाटकाजवळच्या चौकीत वाट बघता बघता घोरत होते. साऱ्या वसाहतीत खरोखर झोपलेला माणूस तेवढा एकच!

खार आणि चष्म्या झाडावर चढले. मेजर फाटकाच्या मोठ्या घंटेजवळ लपली. तळ्याकडून भोंगा निघाला. क्रीम सूट, डोक्यावर टोपी, मान खाली. गुलाबबाईंच्या वाफ्यापाशी तो फरसबंदीवरून जपून वळला.

“न्यायाधीशांचा पडदा हलला!” चष्म्या कुजबुजला. “गुलाबबाईंचा हलला. मेजरच्या घरचाही!”

“अध्यक्षांचा?”

“हलत नाहीये.”

कारण अध्यक्ष खिडकीत नव्हतेच. ते मागच्या दाराने बाहेर आले होते. दोन ढांगांत त्यांनी भोंग्याला गाठलं आणि मागून त्याची मान पकडली.

“कुठून काढलास हा? बोल! कुणाला दाखवलास?”

भोंग्याने तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. ज्याचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जायचा, त्याच्या घशातून नुसती घरघर येत होती. त्याचे पाय जमिनीवर तडफडू लागले.

सगळे पडदे हलत होते. दार एकही उघडत नव्हतं!

“मेजर, घंटा!” खार झाडावरून किंचाळली.

मेजरने दोरी धरून सगळं अंग झोकून दिलं. घण! घण! घण! शांततेच्या वेळी घंटा आजवर कधी वाजली नव्हती. इन्स्पेक्टर खुर्चीवरून खाली पडले. अध्यक्षांनी हात सोडले आणि दारं उघडली.

“काय झालं? कुणी उठवलं आम्हाला?” न्यायाधीश डोळे चोळत आले. बुटांच्या नाड्या अर्थातच बांधलेल्या होत्या.

भोंगा गवतावर खोकत होता. त्याच्या मानेवर लाल वळ उठले होते. खार झाडावरून उतरून त्याच्याजवळ धावली.

“या पोराने माझा सूट चोरला,” अध्यक्ष म्हणाले. “जरा शिस्त लावत होतो.”

“हे त्याचा गळा दाबत होते! तुम्ही सगळ्यांनी पाहिलं!” मेजर ओरडली.

“आम्ही झोपलो होतो,” गुलाबबाई म्हणाल्या.

आता चष्म्याही झाडावरून उतरून पुढे आला. त्याने चष्मा सारखा केला आणि गरीब तोंड करून म्हणाला, “बाई, माफ करा. भोंग्याने तुमच्या गुलाबांवर नाचून सगळा वाफा तुडवला. तुम्ही झोपला होतात, म्हणून तुम्हाला दिसलं नाही.”

“काहीतरी बोलू नकोस!” गुलाबबाई उसळल्या. “तो फरसबंदीवरून गेला, चांगला कडेकडेने! गुलाब तुडवले ते यांनी! त्या दिवशी तळ्याकडून ओल्या कपड्यांनी पळत आले आणि माझी तीन वर्षांची पांढरी—”

त्यांचा एक हात तोंडावर गेला. पण दुसऱ्या हाताचं बोट अध्यक्षांकडेच राहिलं होतं.

सगळ्यांच्या माना अध्यक्षांकडे वळल्या.

“मीही पाहिलं होतं,” न्यायाधीश घाईघाईने म्हणाले. “मी सांगणारच होतो.”

“मी तर पहिल्या दिवसापासून सांगणार होते!” गुलाबबाई म्हणाल्या.

आता जो तो दुसऱ्याच्या आधी बोलू लागला. मेजर आपल्या वडिलांकडे बघत होती.

“बाबा, तुम्हीही?”

डॉक्टर जमिनीकडे बघत राहिले. “आपल्याला इथे राहायचंय, बेटा. उगाच कुणाशी वैर कशाला?”

“माळीकाकांना रोज मारतात, बाबा!”

डॉक्टर दोन पावलं मागे सरकले.

इन्स्पेक्टरांनी सूट हातात घेतला, बाहीचं शेवाळ हुंगलं आणि अध्यक्षांकडे वळले. अध्यक्ष हिरवळीवरच्या बाकावर बसले. ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

“मागच्या हिवाळ्यात फाटकापाशी पेपरवाला मेला,” ते म्हणाले. “माझी गाडी होती. म्हातारीने दुर्बिणीतून पाहिलं होतं. पोलिसांना सांगितलं असतं तर एकदाचं संपलं असतं. पण नाही! रोज दिसली की हसून विचारायची, सांगू का? सांगू का? त्या दिवशीही विचारलं.” त्यांनी भोंग्याकडे पाहिलं. “तुला मी काही केलं नसतं रे.”

भोंगा मानेला हात लावून बसला होता.

संध्याकाळी माळीकाका सुटून आले. दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. खार त्यांना बिलगली, पण हात लावायला घाबरत होती. रडायचं तिने तोवर राखून ठेवलं होतं, ते आता सगळं बाहेर आलं.

हिरवळीवर सगळी वसाहत जमली. “शाब्बास पोरांनो! असली हुशार मुलं आमच्या वसाहतीत आहेत, याचा अभिमान वाटतो!” न्यायाधीश म्हणाले. गुलाबबाईंनी चौघांना एकेक गुलाब दिला. इन्स्पेक्टरांनी पाठ थोपटली आणि “मला पहिल्यापासून संशय होताच” असं सांगून टाकलं. डॉक्टरही टाळ्या वाजवत होते. मेजरने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

“भोंग्याचे आईवडील उद्या येतील,” ती म्हणाली. “आज हा कुणाकडे झोपेल? त्याच्या घराला पोलिसांचं कुलूप आहे.”

टाळ्या थांबल्या.

“आमच्याकडे पाहुणे आहेत,” गुलाबबाई म्हणाल्या.

“माझी तब्येत बरी नसते,” न्यायाधीश म्हणाले.

“मेजर, आपल्याकडे नको,” डॉक्टर पुटपुटले. “लोक काय म्हणतील? खुन्याचा नातू...”

हळूहळू हिरवळ रिकामी झाली. मेजर आणि चष्म्याला घरी ओढून नेलं. भोंगा गुलाब हातात धरून एकटा उभा राहिला.

खार त्याचा हात धरून आवारातल्या खोलीशी गेली. माळीकाकांनी त्याला पाहिलं. त्याचं नाक थेट आजोबांसारखं होतं. काकांनी दार लावून घेतलं.

दोघं पायरीवर बसले.

“बरोबर आहे त्यांचं,” भोंगा म्हणाला.

“गप्प बस.”

बराच वेळ गेला. आतून भांड्यांचा आवाज आला, काहीतरी पडलं, पुन्हा आवाज आला. मग दार उघडलं. माळीकाकांनी पट्ट्या बांधलेल्या हातांनी कडी कशीबशी काढली होती.

“मला ताटं धरता येत नाहीत,” ते म्हणाले. “तुम्ही दोघं वाढून घ्या. आणि पोरा, हात धू आधी.”