टेपशिवाय बेतलेला कोट

निघताना बायकोनं मास्तरांना बजावलं होतं, "नळाला पाणी किती वेळ येतं बघा, शेजार बघा, दवाखाना किती लांब आहे ते बघा. नुसते लोकांचे खांदे बघत बसू नका." मास्तर हो हो म्हणाले, आणि गाडीतून उतरल्या उतरल्या लोकांचे खांदेच बघायला लागले. त्यांचाही इलाज नव्हता. तीस वर्षं कातर चालवलेल्या माणसाला आधी कोटाच्या खांद्याला बाही जोडलेला मुंढा दिसतो, माणूस नंतर.

तीन दिवसांची रजा काढून ते हे शहर बघायला आले होते. इथल्या एका नावाजलेल्या शिवणकारखान्यानं त्यांना मुख्य कटर म्हणून बोलावलं होतं, तेही आपण होऊन. मास्तरांनी बेतलेला कोट म्हणे कारखान्याच्या बाईंनी कुणाच्या तरी अंगावर पाहिला होता. ते पत्र मास्तरांनी आळीतल्या प्रत्येकाला वाचून दाखवलं, इस्त्रीवाल्याला तर दोनदा. पण खरी ओढ वेगळीच होती. या शहरात बेतकामाची मोठी शाळा होती आणि त्यांच्या एकोणीस वर्षांच्या लेकीला तिथं शिकायचं होतं. पोरीचा हात बापापेक्षा सरस होता. हे मास्तर स्वतःच सांगत, आणि सांगताना त्यांची मान अशी ताठ होई की बायको म्हणे, "पुरे आता, कॉलर उसवेल." बायकोचं मात्र बिऱ्हाड हलवायला मन घेत नव्हतं. तुम्ही बघून या, तुमच्या आवाजावरूनच मला कळेल, एवढंच ती म्हणाली होती.

पहिला दिवस मास्तरांनी इमानेइतबारे घालवला. दोन खोल्यांची एक जागा पाहिली. नळ सोडून पाहिला, खिडक्यांच्या कड्या लावून पाहिल्या, जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजींशी दोन शब्द बोलले. तिथून शाळेपर्यंत चालत गेले तर बारा मिनिटं लागली. वर्गांच्या खिडक्या उंच आणि उत्तरेकडे तोंड केलेल्या, म्हणजे दिवसभर एकसारखा उजेड, कापडाचा रंग फसवणार नाही. आत मुलंमुली लांब टेबलांवर वाकलेली दिसत होती. त्यांच्यात मनानं आपली पोर उभी करून पाहिली आणि मास्तरांना भरून आलं. "सगळ्यांना मागं टाकेल," ते काचेला म्हणाले.

मग चौकातल्या एका बाकावर टेकले. थंडीचे दिवस, त्यामुळे ज्याच्या त्याच्या अंगात कोट. मास्तरांना चुका काढायची खोड होती, तीच त्यांची करमणूक. पण इथं ती काही होईना. कुणाची बाही आखूड नव्हती, कुणाचं बटण ताणलेलं नव्हतं, पाठीत कुठं सुरकुती नव्हती. पोट सुटलेला एकजण गेला, पोक आलेले एक आजोबा गेले. त्या पोकावरसुद्धा कापड असं बसलेलं की मास्तर बाकावरून अर्धे उठले. त्यांनी साठ माणसं मोजली. साठांत एक तरी बिघडायला हवा. त्यांच्या स्वतःच्या हातून शंभरात दोन बिघडत आणि त्या दोन कोटांच्या आठवणीनं त्यांचा घास अडकत असे.

कोपऱ्यावरच्या चहावाल्याला त्यांनी विचारलं, "इथं कपडे उसवून परत बसवून देणारं कुणी आहे का हो?"

चहावाला गाळणं हातात धरून थांबला. "म्हणजे कसं?"

"म्हणजे सैल झाला, घट्ट झाला, तर?"

"का होईल?" चहावाल्यानं विचारलं. चेष्टा नव्हती. त्याला खरंच कळलं नव्हतं.

मास्तरांनी चहा संपवला. आपल्याला कुठल्या तोलाच्या माणसांनी बोलावलंय हे आता कुठं ध्यानात येतंय, असं त्यांना वाटलं आणि छाती दोन इंच फुगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कारखान्यात गेले. तिसऱ्या मजल्यावरचा लांबलचक दालन, दोन्ही बाजूंना शिलाई यंत्रं, मधे बेतायची टेबलं. वाफेच्या इस्त्रीचा ओलसर, भाजका वास. हा वास जिथं असेल ते मास्तरांचं घरच. पण काहीतरी खटकत होतं आणि ते काय हे कळायला त्यांना पाच मिनिटं लागली. एवढ्या कारागिरांत एकाच्याही गळ्यात टेप नव्हती. भिंतीवर आरसा नव्हता, आणि गिऱ्हाइकानं कपडे घालून बघावेत असा आडोसाही कुठं नव्हता.

कारखान्याच्या बाई साठीच्या पुढच्या, केस पांढरेशुभ्र, बोलणं मोजकं. त्यांनी टेबलावर करड्या लोकरीचं कापड अंथरायला लावलं. "मास्तर, बाईमाणसाचा एक कोट बेता."

"माप?"

"माप नाही. आमच्याकडे घेत नाहीत." बाई जरा जवळ आल्या. "एकच सांगते. कुणाचंही माप मनात धरायचं नाही. हात जाईल तसं जाऊ द्या."

"तुमचे आधीचे कटर असंच बेतायचे?"

"असंच," बाई म्हणाल्या. "शेवटचा सोडून."

त्या दोन शब्दांवर मास्तरांनी आणखी विचारायला हवं होतं. पण आजूबाजूची यंत्रं थांबली होती, सगळे बघत होते, आणि त्यांच्या मनात एकच घुमत होतं, की आज या लोकांना दाखवून द्यायचं. त्यांनी खडू उचलला.

हात हलेना. कोण असणार, किती उंच, खांदा कसा, चालताना कुठल्या बाजूला कलते, यातलं काहीच माहीत नसताना रेघ ओढायची कुठून? कापडामागं अंग नसेल तर शिंप्याचा हात आंधळा. मिनिटभर ते तसेच उभे राहिले. कुणीतरी खाकरलं. आणि मग हातानं आपणच वाट शोधली. खांदा चौदा, छाती बत्तीस, कंबर सव्वीस. हे माप त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. लग्नाच्या वर्षी बायकोचं घेतलेलं पहिलं माप, बावीस वर्षांपूर्वीचं. आता तिचा बांधा सुटला होता, ती छत्तीसच्या पुढं गेली होती, पण हे आकडे त्यांच्या बोटांत तसेच होते. या लोकांना कुठं कळणार आहे, असं म्हणत त्यांनी खडू पळवला आणि कातर चालवली. एक कापही परत घ्यावा लागला नाही. तशी कातर त्यांनी जन्मात चालवली नव्हती.

बाईंनी कापलेल्या तुकड्यांवरून तळवा फिरवला. "कुणाचं आहे?"

"कुणाचंच नाही."

"नक्की?"

"बाई, तीस वर्षं हेच करतोय," मास्तर म्हणाले. खरं सांगून पहिल्याच दिवशी हसं करून घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

कोट संध्याकाळपर्यंत शिवून झाला. मास्तरांनी घरी फोन लावला. लेकीनं उचलला.

"बाबा, शाळा बघितलीत?"

"बघितली. उत्तरेच्या खिडक्या आहेत. आणि ऐक, तुझ्या बापानं आज टेपशिवाय कोट बेतला. कारखाना उभा राहून बघत होता."

"खरं सांगताय?" पोर खूश झाली. "मला शिकवायचं हं. मी पण बेतणार तसा."

"आई कुठंय?"

"आरशासमोर. तिला आज काय झालंय कोण जाणे. दुपारपासून सगळे कपडे ढगळ होतायत तिला. अंगठी दोनदा निसटून पडली. रडण्याऐवजी गाणी म्हणत बसलीय. आता म्हणते, आपण तिकडे राहायला जाऊ."

मास्तर पोटभर हसले. बायको राजी झाली होती. त्या संध्याकाळी ते नव्या शहरातून असे फिरले, जणू प्रत्येक दिवा त्यांच्या स्वागतालाच लावला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला ते कारखान्यात गेले. खिडकीपाशी एक तरुण बाई पाठमोरी उभी होती. अंगात करडा कोट.

मास्तर दारातच थांबले. खांद्याची शिवण हाडावर जिथं यायला हवी तिथंच आली होती. कंबरेत एक चूण नाही. उभ्या आयुष्यात त्यांच्या हातून असा कोट उतरला नव्हता.

मग त्यांना तिचं उभं राहणं दिसलं. सगळा भार डाव्या पायावर, उजवी टाच किंचित उचललेली, अगदी बायको उभी राहते तसं.

ती वळली. चेहरा अनोळखी होता.

"छान झालाय," ती म्हणाली.

"कोट कधी सांगितला होता तुम्ही?"

"सांगायला कशाला लागतं?"

"मग आलात कधी इथं?"

ती बराच वेळ आठवत राहिली. "शेवटचं बटण लावलं ना," ती म्हणाली, "तेव्हा."

ती गेली. जिन्यावर तिची पावलं वाजली, एक जड, एक हलकं. बाई टेबलापाशी उभ्या होत्या. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या.

"मास्तर, कुणाचं माप धरलं होतंत?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "बायकोचं."

"आत्ताचं?"

"नाही. लग्नाच्या वर्षीचं. बावीस वर्षं झाली."

"घरी आणखी कोण असतं?"

"लेक."

"केवढी?"

"एकोणीस पुरी झाली."

बाईंनी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

मास्तर बसले नाहीत. त्यांनी उभ्यानंच घरचा फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली. मग पलीकडे आवाज आला, बायकोचाच, पण पातळ, लाजरा. हा आवाज त्यांनी किती वर्षांत ऐकला नव्हता.

"पोचलात का हो कामावर?"

"अगं, पोरीला दे जरा फोन."

"कुणाला?"

"पोरीला. आपल्या पोरीला."

पलीकडे ती हसली, तोंडावर पदर धरल्यासारखी.

"काहीतरीच तुमचं. लग्नाला चार महिने नाही झाले, आणि पोरीची घाई."

मास्तरांनी फोन टेबलावर ठेवला. आतून ती अजून काहीतरी बोलत होती.

"कापड आहे?" त्यांनी विचारलं.

बाईंनी अंथरून दिलं.

त्यांनी खडू घेतला. माझी पोर. अख्खी डोळ्यासमोर उभी होती, ते हसणं, ती बोटं, बापाच्या डोक्यावरून बघणारी ती उंची. खांदा, असं म्हणून त्यांनी खडू टेकवला.

खांदा किती?

पंधरा असेल. साडेपंधरा असेल. माहीत नव्हतं. नऊ वर्षं पोर स्वतःचं माप स्वतः घेत होती, स्वतःचं स्वतः बेतत होती. "मला हातसुद्धा लावू देत नाही," हे त्यांनी शेकडो गिऱ्हाइकांना छाती काढून सांगितलं होतं. रस्त्यावरच्या परक्या माणसाचा अंदाज चालतो. इथं पाव इंच चुकला, तर जिन्यावरून दुसरीच कुणीतरी वर येईल.

त्यांनी स्वतःच्या हातानं घेतलेलं तिचं माप एकच होतं. दहाव्या वर्षाचं.

यंत्रं थांबली होती. कुणी खाकरलं नाही.

खांदा अकरा. छाती पंचवीस. बाही सतरा. रेघा सरळ आल्या.

वाढतं अंग, म्हणून मास्तरांनी खालच्या दुमडीत तीन इंच कापड जास्त सोडलं.